राग आवरा, घराणे मुळ्ये

अमीनाबादेत कापडाच्या एका दुकानावर अठ्ठावीस पायऱ्या चढून गेलं की सह्याद्री वाचन मंडळाची खोली लागते. दोन हजार तीनशे बारा मराठी पुस्तकं, सहा खुर्च्या, एक पंखा आणि मानद ग्रंथपाल श्रीपाद मुळ्ये, एवढं तिचं वैभव. ही पुस्तकं कुणी निवडून आणलेली नव्हती. सैन्यातली, हवाई दलातली, बँकांतली मराठी कुटुंबं लखनौला येत, तीन-चार वर्षं राहत, आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधताना पहिली कुऱ्हाड पुस्तकांवर चालवत. म्हणजे हे ग्रंथालय लोकांनी जे बरोबर नेलं नाही त्याचं होतं. लोणच्यांच्या एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती तिथे होत्या.

श्रीपाद मुळ्ये मूळचे रत्नागिरीचे. नव्वद साली बँकेनं लखनौला पाठवलं, मग इथेच रमले, सरोजिनी नगरात घर केलं, निवृत्तही इथेच झाले. माणूस सरळ, कामसू, पण नाकाच्या शेंड्यावर राग. सही वाकडी आली तरी राग, समोरच्यानं लवकर ऐकलं तरी राग. बँकेतले लोक म्हणत, की मुळ्येसाहेब केबिनमध्ये आहेत की नाहीत ते बघायला आत जावं लागत नाही, जिन्यातच कळतं.

तर मागच्या वर्षी जानेवारीत मंडळाला एक पत्र आलं. राज्यातल्या सगळ्या लहानमोठ्या ग्रंथालयांची मिळून एकच यादी करायची, ती संगणकावर ठेवायची, आणि कुठल्याही गावच्या वाचकानं कुठल्याही गावचं पुस्तक मागवायचं, अशी ‘एक सूची’ नावाची योजना होती. सामील व्हायचं की नाही ते कळवा, असं पत्रात होतं. त्यासाठी समितीची सभा बसली.

अध्यक्ष रणजित शिर्के हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “विमान पाठवताना परतीचं इंधन आधी मोजतात. आपलं पुस्तक बलियाला गेलं तर परत कसं येणार? त्याला कोण एस्कॉर्ट देणार?”

“काका,” चिटणीस शर्मिष्ठा म्हणाली. ती चौतिशीची, गोमतीनगरात एका कंपनीत काम करणारी, आणि समितीत पन्नाशीच्या आतली एकटीच. “गेल्या वर्षी आपण चौदा पुस्तकं वाचायला दिली. त्यातली नऊ तुम्हीच नेलीत. आणि तीही तीच तीन, आलटून पालटून.”

“चांगली आहेत ती,” शिर्के म्हणाले.

श्रीपाद उठून उभे राहिले. ही पुस्तकं म्हणजे लोकांची ठेव आहे, धर्मशाळेतल्या गाद्या नव्हेत, उद्या कुणी पान फाडलं, कुणी त्यावर सब्जी ठेवली तर जबाबदार कोण, असं ते पाच मिनिटं बोलले आणि टेबलावर दोनदा हात आपटला. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. पुस्तकं बाहेर जातील याची त्यांना भीती नव्हतीच. सगळ्या राज्यासमोर यादी मांडावी आणि एकाही माणसानं एकही पुस्तक मागू नये, या गोष्टीची होती. खोलीत पुस्तकं पडून होती तोवर ‘लोकांना माहीत नाही’ असं तरी म्हणता येत होतं.

मतदान झालं. पाच विरुद्ध दोन. श्रीपाद “करा काय करायचं ते!” म्हणून ताडताड अठ्ठावीस पायऱ्या उतरले, आणि चपला वरच राहिल्या म्हणून अठ्ठावीस पायऱ्या पुन्हा चढले. कुणी हसलं नाही. त्यामुळे त्यांना जास्तच राग आला.

मात्र काम अंगावर घेतल्यावर ते अर्धवट सोडणारे नव्हते. फेब्रुवारीभर ते जुन्या वहीतून नावं वाचत, शर्मिष्ठा ती लॅपटॉपवर भरत असे. भाषेच्या रकान्यात हिंदी, उर्दू, संस्कृत, इंग्रजी आणि ‘अन्य’ एवढ्याच भाषा होत्या. ‘अन्य’ निवडलं की संगणक लिपी विचारायचा. देवनागरी सांगितली की वरचं ‘अन्य’ आपोआप पुसलं जाऊन तिथे ‘हिंदी’ यायचं. श्रीपादांनी योजनेच्या कार्यालयात फोन लावला. तिथे दुबे नावाचे एक अत्यंत सौम्य गृहस्थ होते.

“देवनागरी है तो हिंदी ही हुई न, सर.”

“मराठी है! मराठी!”

“अच्छा, मराठी में लिखी हुई हिंदी. कोई बात नहीं सर, चलेगी.”

अशा तऱ्हेनं दोन हजार तीनशे बारा पुस्तकं हिंदी झाली.

पहिली मागणी अकरा दिवसांनी आली. एका शहरातल्या वाहतूक पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्राला ‘माझी यातायात’ हवं होतं. ते पुस्तक म्हणजे एका विधवा शिक्षिकेनं पाच मुलं कशी वाढवली त्याची कहाणी. मराठीत यातायात म्हणजे हालअपेष्टा, हिंदीत यातायात म्हणजे रहदारी. श्रीपादांनी नकार द्यायचं ठरवलं. पण संगणकावर नकाराची कारणं चारच होती. पुस्तक हरवलं, पुस्तक फाटलं, पुस्तक वाळवीनं खाल्लं, आणि ‘पाठक का देहांत’. श्रीपाद खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी पुस्तक पाठवलं. महिन्याभरात ते परत आलं आणि त्याबरोबर अभिप्रायही: “लेखिका पूरी पुस्तक में कहीं पहुँच नहीं पाती. समस्या का इससे सच्चा वर्णन हमने नहीं पढ़ा.” त्यांनी आणखी तीन महिन्यांसाठी मागणी नोंदवली होती.

मग रीघच लागली. रक्तदान करणाऱ्या एका समितीनं ‘दीड खून’ ही रहस्यकथा मागवली. एका वनाधिकाऱ्यानं ‘प्रकृतीची काळजी’ नेलं आणि बद्धकोष्ठतेवरचं प्रकरण आवडल्याचं कळवलं. शिक्षकांसाठी लिहिलेली ‘शिक्षा बंद करा’ नावाची एक पुस्तिका होती, मुलांना छड्या मारू नका असं सांगणारी. तिच्यावर लेखी आक्षेप आला, की शिक्षण बंद पाडण्याचा प्रचार करणारं साहित्य आपण ठेवता, खुलासा करा. श्रीपादांनी चार पानी खुलासा केला. उत्तरादाखल दुबेंनी परस्पर नाव दुरुस्त करून टाकलं. यादीत त्या पुस्तिकेचं नाव आता ‘शिक्षा चालू ठेवा’ असं आहे.

मे महिन्यापर्यंत सह्याद्री वाचन मंडळ आपल्या विभागात मागणीत पहिलं आलं. शिर्के भिंतीवर राज्याचा नकाशा लावून त्यात टाचण्या टोचू लागले. “बलिया!” ते ओरडत. “बलियाहून सुखरूप परत!” श्रीपाद रोज पार्सलं बांधत, रोज चिडत, आणि रोज सकाळी अर्धा तास आधी येत. घरी जाऊन ते देविकाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सगळं सांगत. ती तोंडली चिरता चिरता ऐके आणि “अच्छा,” एवढंच म्हणे. गेली कित्येक वर्षं ती ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलेली नव्हती. गुडघे, असं तिचं म्हणणं होतं.

त्याच महिन्यात गोंड्याहून एक मागणी आली. तिथल्या एका संगीत विद्यालयाचे प्राचार्य पंडित रामदुलारे मिश्र यांना ‘राग आवरा’ हवं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: “पचास वर्ष से संगीत में हूँ. यह राग नहीं सुना. कृपया शीघ्र भेजें.”

‘राग आवरा’ म्हणजे संतापी माणसांसाठी लिहिलेलं नव्वद पानांचं पुस्तक. श्रीपादांनी उत्तरात लिहायला घेतलं, की हा राग म्हणजे तो राग नव्हे, पण त्या जागेत वीसच अक्षरं मावत. पंडितजींना पोचलं ते एवढंच: “यह राग वह राग नहीं ज”. पंडितजींनी उलट कळवलं, “तब तो और शीघ्र भेजें.” श्रीपादांनी वैतागून पुस्तक कपाटातून ओढलं, न उघडता कागदात गुंडाळलं आणि पोस्टात टाकलं.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, पंडित मिश्र स्वतः अठ्ठावीस पायऱ्या चढून वर आले. सत्तरीचे, काटकुळे, शुभ्र धोतर, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत बॅटरीवर चालणारा तानपुरा. खोलीत श्रीपाद एकटेच होते. पंडितजी खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून रेशमी रुमालात बांधलेलं ते पुस्तक काढलं, कपाळाला लावलं आणि टेबलावर ठेवलं.

“भाषा आधी समझ में आई, आधी नहीं,” ते म्हणाले. “आप कृपा कर दें.”

श्रीपादांनी श्वास घेतला आणि आवाज चढवायचा नाही असं ठरवून सांगितलं, “पंडितजी, मराठी में राग याने ग़ुस्सा. आवरा याने रोको. ग़ुस्सा रोको. बस. इसमें संगीत नहीं है.”

पंडितजींनी मान डोलावली. “रौद्र रस. मुझे यही लगा था. और रोको, अर्थात संयम. खुलकर गाना नहीं है. अब यह पढ़िए.”

त्यांनी बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं: ‘संताप आला की मनात दहापर्यंत मोजा.’ श्रीपादांनी सांगितलं.

“दस मात्रा. झपताल,” पंडितजींनी वहीत टिपलं.

‘ज्याच्यावर राग आला त्याच्याकडे पाहू नका.’

“वादी, अर्थात प्रधान स्वर, उस पर ठहरना नहीं. अद्भुत.”

‘एक पाऊल मागे या.’ “वक्र चाल है.” ‘ग्लासभर थंड पाणी प्या.’ इथे पंडितजी जरा घुटमळले. मग त्यांनी लिहिलं, “ग्रीष्म ऋतु का राग.”

श्रीपादांच्या कपाळाची शीर उडू लागली होती. पण ओरडावं तर समोरचा माणूस इतका नम्र, की ओरडायला जागा सापडेना. तेवढ्यात पंडितजींनी पान उलटलं आणि म्हणाले, “यह तो मूल ग्रंथ हुआ. असली वस्तु यह टीका है. यह किस विदुषी की है?”

समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. श्रीपादांनी चष्मा सारखा केला. अक्षर ओळखीचं होतं. पहिलं पान उघडलं. ‘यांना, लग्नाच्या चौथ्या वाढदिवशी. हे वाचण्यासाठी आहे. – देविका.’

त्यांना आठवलं. एक्याण्णव साली तिनं हे पुस्तक हातात ठेवलं होतं. नाव वाचूनच त्यांना असा संताप आला होता, की त्यांनी ते फडताळात सर्वांत वर फेकून दिलं होतं. त्यानंतर ते त्यांनी कधी उघडलं नाही. तिनं मात्र उघडलं होतं. पुष्कळदा. आणि दोन हजार तीन साली ग्रंथालयाला देणगी म्हणून त्यांनी घरातली पुस्तकं पोत्यात भरली, तेव्हा हेही त्यातच गेलं. ती काही बोलली नव्हती.

“पढ़िए,” पंडितजी म्हणाले.

“यह... घर का है.”

“घराने का है, जानता हूँ. पढ़िए.”

श्रीपाद वाचू लागले. “पोह्यांत मीठ कमी. डबा आपटला. चौदा ऑगस्ट ब्याण्णव, सकाळी.” मग घसा खाकरून, “पोहे में नमक कम. डिब्बा... पटका. सुबह.”

“प्रातःकालीन. और डिब्बा, अर्थात तबला?”

“डिब्बा अर्थात डिब्बा!”

“हाँ, हाँ. आरंभ में थाप. आगे.”

“पाहुण्यांसमोर. अर्धा तास. कुणी जेवलं नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “मेहमानों के सामने. आधा घंटा. किसी ने खाना नहीं खाया.”

पंडितजींचे डोळे भरून आले. “ऐसी तन्मयता! लोग भोजन भूल गए. आजकल तो बीच में उठकर चाट खाने चले जाते हैं.”

अशी बावीस पानं झाली. शेजारच्या गल्लीत रिक्षांचे भोंगे वाजत होते, खालच्या दुकानात कुणी चादरींचे भाव पाडत होतं, आणि श्रीपाद मुळ्ये एका परक्या माणसाला आपल्या संसाराचं हिंदी भाषांतर करून सांगत होते. एकतिसाव्या पानावर एकच ओळ होती. ‘आज रागावले नाहीत. भीती वाटली.’

हे त्यांना पहिल्या दमात वाचता आलं नाही. तीस वर्षांत ‘मी रागावलो’ हे त्यांना दर वेळी ठाऊक होतं. न रागावलेल्या दिवशीही घरात कुणी दबकून वावरत होतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“आज राग नहीं हुआ,” ते शेवटी म्हणाले. “डर लगा.”

“साधक का भय,” पंडितजी हळूच म्हणाले. “जिस दिन राग नहीं उतरता, हम सबको लगता है.” आणि जरा थांबून, “देविकाजी... हैं?”

“हैं. सरोजिनी नगर में.”

“तो चलिए.”

चारबागपर्यंत ई-रिक्षा, तिथून मेट्रो, मग ऑटो. वाटेत पंडितजी झपताल मोजत होते. दार देविकाबाईंनीच उघडलं. पंडितजींनी वाकून नमस्कार केला. ती गडबडून मागे सरली. मग तिला त्यांच्या हातातलं पुस्तक दिसलं, आणि मग ती नवऱ्याकडे पाहू लागली.

“वाचलंत?” तिनं विचारलं.

“आज,” श्रीपाद म्हणाले. “म्हणजे भाषांतर केलं. यांना वाटतं, हा गाण्यातला राग आहे. तू सांग यांना. माझं ऐकत नाहीत.”

तिनं दोघांना आत घेतलं. पंडितजींना बसवलं, पाणी दिलं, तोंडल्यांची ताटली बाजूला सारली. पंडितजींनी तानपुऱ्याचं बटण दाबलं आणि म्हणाले, की ग्रंथावरून त्यांनी रागाचं चलन बांधलंय, ते विदुषींनी तपासावं. आणि गायला लागले. गळा वयानं चिरलेला होता, पण काय गळा होता! पाच मिनिटं गाऊन त्यांनी डोळे उघडले.

श्रीपादांना वाटलं, आता ही हसेल आणि सगळा घोळ मिटेल. देविकाबाईंनी पदर खोचला आणि गंभीरपणे म्हणाल्या, “ऐसे नहीं.”

“देविका!”

“अहो, थांबा जरा. पंडितजी, चढते समय इतना नहीं रुकता. एकदम जाता है. बीच के दो स्वर छोड़ दीजिए.”

“क्यों छोड़ें?”

“क्योंकि पूरी बात सुनता नहीं है.”

पंडितजींनी टिपून घेतलं. “और अवरोह?”

“उतरते समय बहुत टेढ़ा. लगता है आ गया नीचे, फिर उठता है. खाने तक चलता है. सीधे कभी नहीं उतरता.”

“हे काय चाललंय?” श्रीपाद उठून उभे राहिले. “मी मुळीच असं...”

“देखिए, यही!” देविकाबाई म्हणाल्या. “अभी जो लगा न, वही पहला स्वर है.”

पंडितजींचा हात झटकन तानपुऱ्याकडे गेला. त्यांनी पट्टी जुळवली. “कोमल ऋषभ,” ते पुटपुटले. “महाराज, एक बार फिर?”

“मी काय नाटकात काम करतोय काय?”

“धैवत! धैवत तक गए!” पंडितजींनी श्रीपादांचे पाय धरले. पाय धरलेल्या माणसावर ओरडता येत नाही. श्रीपाद मुळ्ये खाली बसले आणि तोंडल्यांकडे बघत राहिले.

त्यानंतर पंडितजी चार वेळा लखनौला आले. दर वेळी देविकाबाई दुरुस्त्या सांगत आणि पंडितजी बदल करत. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे श्रीपादांना पक्कं माहीत होतं. पण तिला एक राग अगदी नेमका ठाऊक होता, आणि चुकीचा आला की ती लगेच हात वर करे. शर्मिष्ठानं हे समितीत सांगितलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, की ही शुद्ध फसवणूक आहे, आपण योजनेतून बाहेर पडलं पाहिजे. शिर्क्यांनी नकाशावर गोंड्यात लाल टाचणी टोचली आणि म्हणाले, “मोहीम चालू असताना कुणी माघार घेत नाही.” ठराव फेटाळला गेला. ऑगस्टमध्ये दुबेंकडून मंडळाला हिंदीच्या सेवेबद्दल प्रशस्तिपत्र आलं.

नोव्हेंबरात गोंड्याला राग आवराचं पहिलं जाहीर गायन ठरलं. दोघांना निमंत्रण होतं. विद्यालयाच्या अंगणात मांडव घातलेला, गावातले तीनशे लोक, पुढे लोड-तक्के. देविकाबाईंना व्यासपीठावर बसवलं, शाल दिली. आणि मग निवेदकानं श्रीपादांची ओळख करून दिली: “जिनके कंठ में यह राग सबसे पहले उतरा.” टाळ्या. एकदोन तरुण मुलींनी येऊन पाया पडून घेतलं. “दो मिनट, महाराज,” निवेदक म्हणाला. “बस दो मिनट. आशीर्वाद स्वरूप.”

श्रीपाद माइकपुढे उभे राहिले. या मूर्खपणावर, या माणसांवर, त्या दुब्यावर, यादीवर, सगळ्यावर एकदम तडकून उठावं म्हणून त्यांनी मनात शोध घेतला. नेहमीच्या जागी हात घातला. काही लागेना. तीनशे लोक शांतपणे वाट पाहत होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना राग येईना. मिनिटभर ते नुसते उभे राहिले, मग हात जोडून खाली उतरले.

“मौन से आरंभ किया,” पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. “समझे?”

मग पंडितजी गायले. सुरुवातीला तबल्यावर एक थाप पडली, डबा आपटल्यासारखी, आणि स्वर दोन पायऱ्या गाळून एकदम वर गेला. श्रीपादांनी तो ओळखला. तो त्यांचाच होता, चढा, आंधळा, कुणाचं न ऐकणारा. इथवर त्यांना सगळं पाठ होतं. पण चढून झाल्यावर ते नेहमी दार आपटून दुसऱ्या खोलीत जात, किंवा बँकेत, किंवा ग्रंथालयात. पुढचं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. आता तो स्वर उतरायला लागला. खाली येतोयसं वाटे, पुन्हा उठे, वळे, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखा थांबे, आणि मग आणखी एक पायरी. चाळीस मिनिटं तो उतरत होता. इतका वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. व्यासपीठावर देविकाबाई मांडीवर बोटांनी दहा मात्रा मोजत बसल्या होत्या, तोंडावर कसलाही भाव नाही, जसं कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजतं. त्या एकदाही चुकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं परत निघाली. खिडकीबाहेर ऊस आणि धुकं. पुस्तक श्रीपादांनी एकतिसाव्या पानापलीकडे वाचलेलं नव्हतं, आणि उरलेल्या समासांत काय आहे ते त्यांना आता वाचायचं होतं. पण पंडितजींनी मुदत वाढवून घेतली होती आणि त्यानंतर बलियापासून मथुरेपर्यंतच्या गायकांच्या मागण्या लागल्या होत्या. गाडीतूनच त्यांनी दुबेंना फोन लावला.

“दुबेजी, पुस्तक हमारा है. मैं ग्रंथपाल हूँ. मुझे चाहिए.”

“बिल्कुल सर. पुस्तक आपकी है, पर सूची सबकी है. पाठक बनकर माँग डालिए, हम नंबर लगा देते हैं.” टकटक असा आवाज आला. “आप उन्नीसवें पर हैं सर. भाषा हिंदी ही रखें न?”

“ठेवा,” श्रीपाद म्हणाले आणि फोन बंद केला.

समोर देविकाबाई शेंगा सोलून खात होत्या. त्यांनी चार दाणे पुढे केले.

“एकोणिसावा नंबर,” श्रीपाद म्हणाले. “दोन-तीन वर्षं तरी लागतील.”

“कशाला हवंय पुस्तक? मला विचारा की.”

“सगळं लक्षात आहे?”

“पुस्तकात आहे ते, आणि नाही तेही. समासात जागा कमी होती.”

श्रीपादांनी दाणे तोंडात टाकले आणि खिडकी लावून घेतली, कारण वाऱ्यात तिचा आवाज नीट येत नव्हता. “सांग,” ते म्हणाले.

बाराबंकी आली तेव्हा ती जेमतेम ब्याण्णवच्या दिवाळीपर्यंत पोचली होती.